एकूण एकोणतीस

४ फेब्रुवारी

मास्तरीणबाईंस,

तुझ्या वन्संचे आशीर्वाद. पोचले, जेवले, झोपले आणि आज सकाळी कामालाही लागले. इथे फोनला रेंज नाही. औषधांची गाडी रोज शहरात जाते, तिचा ड्रायव्हर आमच्या पत्रांचे फोटो काढून तिथून पाठवतो आणि आलेली उत्तरं छापून आणतो. त्याला मराठीतलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा घरातलं काय ते मोकळेपणाने लिही.

आम्ही नऊ जण तीन आठवड्यांसाठी आलो आहोत आणि यादीत बावीस मुलं आहेत. कुणाच्या हृदयाला भोक, कुणाची झडप अरुंद. ऑपरेशनची खोली एकच, भिंती पोपटी, खिडकीच्या काचांना आतून पांढरा रंग फासलेला. मोठे डॉक्टर नावालाच मोठे आहेत. टेबलापर्यंत पोचायला त्यांना पायाखाली पाट लागतो. मला बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो वयाचा. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं की वय बासष्ट, रिटायर होऊन चार वर्षं झाली आणि नर्स म्हणून छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझी मोजणी एकदाही चुकलेली नाही. त्यावर ते हसले. का हसले ते कळलं नाही, पण मी टेबलाजवळ उभी राहिले, आणि चार वर्षांनी हातात मोजे चढवले तेव्हा मला रडू आलं. मास्क असल्यामुळे निभावलं.

मोजणी म्हणजे काय ते तुला सांगून ठेवते. ऑपरेशनला जेवढ्या सुया आणि गॉजचे तुकडे घेतले, तेवढे परत आले पाहिजेत. मी मोठ्याने आकडा सांगायचा, खोलीत फिरणाऱ्या दुसऱ्या सिस्टरने तो फळ्यावर लिहायचा आणि छाती शिवायच्या आधी पुन्हा मोजून ताळा करायचा. ताळा जमल्याशिवाय पुढचा टाका नाही.

आता गंमत अशी की इथल्या सिस्टरला इंग्रजी येत नाही आणि तिच्या भाषेतले सात आणि आठ मला एकसारखेच ऐकू येतात. तिच्या मते मी दोन्ही चुकीचेच म्हणते. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, न चुकता कुठल्या भाषेत मोजता येईल? मी म्हटलं, ज्या भाषेत मला माझ्या आईने पायऱ्या मोजायला शिकवल्या तिच्यात. तेव्हा ठरलं ते असं, मी मराठीत मोजायचं आणि सिस्टरने मराठी आकडे शिकायचे. मी तिला अस्सल आकडे शिकवते आहे, तुझ्या शाळेतलं ते 'वीस एक, वीस दोन' नव्हे. तुझ्या नवऱ्याच्या, आमच्या छोटूच्या, साठीला मी म्हटलं होतं की या हिशेबाने ही त्याची 'पन्नास दहा' झाली, तेव्हा तू दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. ते मी मागे घेतलेलं नाही.

वॉर्डात एक पाच वर्षांची मुलगी आहे. ओठ जांभळे, नखं जांभळी. दहा-बारा पावलं चालली की धाप लागते आणि ती उकिडवी बसते. अशा आजारात तसं बसलं की मुलांना बरं वाटतं. तिची आईही लगेच शेजारी उकिडवी बसते. मग दोघी भर कॉरिडॉरमध्ये बसून गप्पा मारतात आणि दम आला की उठून पुढे निघतात. मुलीचा तोरा बघून मी तिचं नाव ठमी ठेवलंय. आई मात्र ऑपरेशनला तयार नाही.

वन्सं

६ फेब्रुवारी

ती. वन्सं,

नमस्कार. तुमचं अक्षर फोनवर दोन बोटांनी मोठं करकरून वाचलं. आईंना तीनदा वाचून दाखवलं. त्यांचा निरोप असा की अंगात स्वेटर घालावा आणि परक्या लोकांवर ओरडू नये.

पन्नास दहाचं तुम्ही मागे घेतलेलं नाही, तसं मीही विसरलेले नाही. पण वन्सं, दुसरीच्या वर्गात मी पंचवीस वर्षं काढली आहेत. एक अनुभवाचं सांगते, रागावू नका. मूल 'एकोणतीस' ऐकतं तेव्हा त्याला 'एक' ऐकू येतो आणि 'तीस' ऐकू येतात, आणि ते ३१ लिहून मोकळं होतं. तिसातून एक वजा करायचा हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? 'वीस नऊ' म्हटलं की चुकायला जागाच नाही. तुमची सिस्टर कितीही मोठी असली तरी आपल्या भाषेत ती पहिलीतलीच आहे. तेवढी एक जागा तिच्याकडून घोटून घ्या.

ठमीच्या आईचं काय झालं ते कळवा. आईंनी आज जेवताना दोनदा विचारलं.

तुमची मास्तरीण

९ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

सल्ला पोचला, गादीखाली ठेवला. माझी सिस्टर पहिलीतली नाही. चाळिशीची बाई आहे, दोन मुलांची आई आहे आणि पाच दिवसांत अठ्ठावीसपर्यंत आली आहे. आतापर्यंत कुठल्याच ऑपरेशनला त्यापेक्षा जास्त सुया लागल्या नाहीत. पुढचे आकडे सवडीने शिकवीन. ती 'एकूण' हा शब्दसुद्धा शिकली आहे आणि तो तिला इतका आवडलाय की जेवणाच्या टेबलावर माणसं मोजूनही 'एकूण सात' असं जाहीर करते. सहा ऑपरेशनं झाली, सहाही वेळा ताळा पहिल्या फटक्यात.

आता मोठी बातमी. ठमीची आई हो म्हणाली. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराला छोटी काच आहे. आतलं काही दिसत नाही, पण आवाज बाहेर जातो. ती दोन दिवस तिथे उभी राहून माझी मोजणी ऐकत होती. मग तिने दुभाष्याला गाठून विचारलं की ही बाई आत एवढ्या मोठ्याने काय म्हणते. त्याने सांगितलं. मग ती माझ्याकडे आली आणि त्याच्यामार्फत म्हणाली, "बाकी सगळे मला सांगतात की काळजी करू नका. तुम्ही एकट्याच काळजी करताना दिसता. तुम्ही आत असाल तर मी मुलगी देते."

मी मान हलवली. ठमीचं ऑपरेशन अठरा तारखेला आहे. डॉक्टर म्हणतात की तिला आणखी थांबवण्यात अर्थ नाही. पुढची तुकडी यायला दोन वर्षं आहेत आणि तेवढा वेळ ठमीकडे नाही.

वन्सं

११ फेब्रुवारी

ती. वन्सं,

पत्र वाचून आईंनी देवापुढे साखर ठेवली. यांनी सोसायटीच्या फळ्यावर लिहून टाकलं, 'आमच्या भगिनी परदेशी लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करतात.' मी जाऊन 'करतात' खोडलं आणि 'करताना सुया मोजतात' असं लिहिलं. यांना ते फिकं वाटलं. मला तेच जास्त वजनाचं वाटलं, पण हे तुम्हाला सांगितल्याचं कुणाला सांगू नका.

वर्गातल्या मुलांना ठमीबद्दल सांगितलं. आता ती रोज विचारतात, अठरा तारखेला किती दिवस राहिले. वजाबाकीचा सराव आयताच होतोय.

तुमची मास्तरीण

१३ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

पत्र पोचलं. मी सध्या वॉर्डात आहे. टेबलाजवळ नाही. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस विश्रांती घ्या. काळजीचं कारण नाही. ठमीचं मात्र अवघड झालंय. जास्त लिहीत नाही. आईला काही सांगू नकोस.

वन्सं

१४ फेब्रुवारी

ती. वन्सं,

वॉर्डात म्हणजे कुठल्या वॉर्डात? काय झालं? बीपीच्या गोळ्या नेल्या होत्या ना? चक्कर आली का? छातीत दुखलं का? तुमच्या अवतीभवती नऊ जणांत चार डॉक्टर आहेत, त्यातल्या एकाला तरी दोन ओळी लिहायला सांगा. इंग्रजीत चालतील, मी डिक्शनरी घेऊन बसते.

यांनी कपाट उपसून पासपोर्ट शोधला. सापडला, पण त्याची मुदत संपून दोन वर्षं झाली आहेत. आता तो हातात धरून हे घरभर फिरताहेत. आईंना सांगायचं नाही असं ठरलं होतं. म्हणून यांनी त्यांच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि बाहेर इतक्या मोठ्याने कुजबुजले की शेजारच्या काकू विचारायला आल्या. मग आईंना सांगावंच लागलं. त्यांनी तुमचं पत्र मला दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "तिला काही झालेलं नाही. लहानपणी बरणी फोडली की ती अशीच दोन ओळींत बोलायची." आणि सोलत होत्या ते वाटाणे सोलायला लागल्या.

त्यांचं खरं ठरो. पण माझा जीव थाऱ्यावर नाही. आपण भांडतो ते भांडतो, पण तुम्हाला काही झालं तर मी भांडायचं कुणाशी? एकवीस म्हणा, वीस एक म्हणा, हवं ते म्हणा. बऱ्या होऊन या.

तुमची मास्तरीण

१५ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

आईला सांग, बरणी फुटली.

मी ठणठणीत आहे. वॉर्डात पेशंट म्हणून नाही, कामाला आहे. मुलांचा ताप बघते, लघवी मापते. तुम्ही सगळे एवढे घाबराल असं वाटलं नव्हतं, आणि खरं लिहायची लाज वाटली. आता सगळं लिहिते. मध्ये थांबून हसू नकोस, शेवटी एकदाच काय ते हस.

बारा तारखेला सात वर्षांच्या एका मुलाचं ऑपरेशन होतं. पंचवीस सुया घेऊन सुरुवात केली. मध्ये डॉक्टरांनी आणखी मागितल्या, चार घेतल्या आणि मी मास्कमधून म्हटलं, "एकूण एकोणतीस." तूच एकदा मास्क लावून म्हणून बघ. सिस्टरला मी अठ्ठावीसपर्यंतच शिकवलं होतं. पण बाई हुशार. वीस, तीस, चाळीस ही दशकं तिने आपणहून पाठ केली होती. एक माहीत, तीस माहीत, तिने मनातल्या मनात जोडलं आणि फळ्यावर लिहिलं ३१. लिहिलेला आकडा वळून बघायचा हा नियम मीच छत्तीस वर्षं पोरींना शिकवला. त्या दिवशी फळा माझ्या पाठीमागे होता आणि मी वळले नाही.

भोक बुजवून झालं. हृदय पुन्हा आपलं आपण चालू लागलं. छाती शिवायची म्हणून मी सुया मोजल्या, एकोणतीस. सिस्टरने फळ्याकडे बोट केलं. दोन सुया कमी. आमच्या सुया पापणीच्या केसाएवढ्या असतात, आणि त्या मुलाची छाती उघडी होती. मी पुन्हा मोजल्या, मग तिने मोजल्या. डॉक्टर पाटावरून खाली उतरले. सगळ्यांनी गुडघ्यावर बसून फरशी चाचपली, चपलांचे तळवे उलटे करून पाहिले, भूल देणारे डॉक्टर तर स्वतःचा खिसा तपासत होते. एक्स-रेचं मशीन ढकलत आणलं. फोटोत काही नाही. पस्तीस मिनिटं ते लेकरू तसंच पडून होतं. शेवटी मी सिस्टरला म्हटलं, पहिल्यापासून बोल. तिने बोटांवर मोजत मला समजावलं, "एको. तीस." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि डोळ्यांपुढे तू आलीस.

मुलगा छान आहे. काल खायला मागत होता. पण डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "चूक कुणाची ते मला नको. पुन्हा होणार नाही हे दाखवा, मग आत या." सतरा तारखेला संध्याकाळी परीक्षा आहे. मी कुठलेही शंभर आकडे म्हणायचे आणि सिस्टरने लिहायचे. एकही चुकला तर मी वॉर्डातच.

मी वॉर्डातच राहिले तर राहीन, तोंड लपवीन आणि घरी येईन. पण ठमीच्या आईला कळलं की मी आत नसणार, आणि तिने सहीचा कागद परत मागून घेतला. दुभाष्याने समजावलं, डॉक्टरांनी समजावलं, मीही समजावलं की माझ्यापेक्षा तरबेज बाई टेबलाशी उभी राहील. तिने ऐकून घेतलं आणि मुलीचे कपडे पिशवीत भरायला लागली. मी सांगितलं की चूक माझीच झाली होती. त्यावर म्हणाली, "चूक झाल्यावर तुम्ही सगळ्यांना थांबवलंत, हेही मी ऐकलं." ठमी पिशवीतले कपडे एकेक करून परत काढत होती. तिला वाटलं खेळ आहे.

तेव्हा मास्तरीणबाई, तुझं ते 'वीस नऊ' कसं म्हणतात ते शंभरपर्यंत लिहून पाठव. हे एवढं एक वाक्य लिहायला मला अर्धा तास लागलाय. छोटूला दाखवू नकोस.

वन्सं

१६ फेब्रुवारी

ती. वन्सं,

हसले नाही. एकदाच हसले, चपलांच्या तळव्यांपाशी. आईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, "मुलगा बरा आहे ना? मग झालं. तिला म्हणावं जेवत जा." यांनी पासपोर्ट परत कपाटात ठेवला. त्यांना थोडं वाईटच वाटलं.

आता नीट ऐका. शंभर आकडे नव्याने शिकायला तुमच्याकडे एकच दिवस आहे आणि तुमची जीभ बासष्ट वर्षांची आहे. सगळे बदलायला गेलात तर तेहतीसला तीस तीन म्हणता म्हणता बत्तीस म्हणाल. तुमच्या सिस्टरला जे येतंय ते मोडू नका. एकतीस, बत्तीस, चाळीस, जुनेच शिकवा. फक्त 'एकोण' तेवढं हाकलून द्या. एकोणीस तिला येतंय, ते राहू द्या. पुढचे २९ ते ८९ असे सातच आहेत. त्यांना वीस नऊ, तीस नऊ, चाळीस नऊ असं म्हणा. आपली भाषासुद्धा शंभराजवळ आल्यावर शहाणी होते बघा, ९९ ला ती एकोणशंभर म्हणत नाही, नव्व्याण्णव म्हणते. हे अर्धं तुमचं, अर्धं माझं. शिक्षण खात्याला कळवू नका.

दुसरं, सिस्टरला सांगा की एकोणीस सोडून कुठलंही 'एकोण' कानावर पडलं तर खडू खाली ठेवायचा. अंदाज करायचा नाही. हुशार मुलांना हे शिकवणं सगळ्यात कठीण असतं.

सोबत शंभर आकड्यांची यादी आहे. माझ्या वर्गाने केली आहे, वाटेल तशी उलटसुलट. कोपऱ्यात जे काढलंय ते हृदय आहे. बटाटा नाही.

आणि तुम्ही एवढं लिहिलंत तर मीही एक लिहिते. गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरला ते मी 'एकोणतीस' असंच मोजते. वर्गाच्या दाराबाहेर आजपर्यंत एकदाही माझ्या तोंडून वीस नऊ निघालेलं नाही. साठीच्या दिवशी तुमचा राग आला नव्हता, हसू येत होतं, आणि तुमच्यापुढे हसायचं नव्हतं. म्हणून बोलले नाही.

उद्या सकाळी वर्गात आम्ही सगळे तुमच्यासाठी शंभरपर्यंत म्हणणार आहोत. काही उपयोग नाही, पण म्हणणार आहोत.

तुमची मास्तरीण

२३ फेब्रुवारी

प्रिय मास्तरीणबाई,

सात दिवस पत्र नाही म्हणून तू काय काय कल्पना केली असशील ते मला ठाऊक आहे. गाडी बंद पडली होती. ड्रायव्हरने आज चालू केली.

सतरा तारखेला दिवसभर मी आणि सिस्टर भांड्यांच्या खोलीत बसून घोकंपट्टी केली. संध्याकाळी परीक्षा झाली. डॉक्टर, भूलवाले डॉक्टर, दुभाष्या सगळे भिंतीला टेकून उभे. तुझ्या वर्गाची यादी माझ्या हातात. पहिले साठ निर्विघ्न पार पडले. मग आला ५९ आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "एकोणसाठ." मी जीभ चावली. पण शब्द सुटला होता. संपलं, असं मला वाटलं. सिस्टरने खडू खाली ठेवला, कमरेवर हात ठेवले आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मला माझी शाळेतली बाई आठवली. लिहीना. मी म्हटलं, पन्नास नऊ. मग तिने खडू उचलला.

मी डॉक्टरांना म्हटलं, चुकले. ते म्हणाले, तुम्ही चुकलात, फळा चुकला नाही, मला एवढंच बघायचं होतं. आणि पाट आपल्या हाताने उचलून आत घेऊन गेले.

ठमीच्या आईने पिशवी रिकामी केली आणि सही केली. अठराला सकाळी ठमीला मीच कडेवर घेऊन आत गेले. दारापर्यंत ती आईकडे बघत होती, आणि दार लागल्यावर तिने माझ्या टोपीची गाठ सोडायचा प्रयत्न केला. साडेचार तास लागले. रक्त फिरवणारं मशीन थांबवायच्या वेळी तिचं हृदय परत चालू व्हायला तयार होईना, आणि त्या दोन-तीन मिनिटांबद्दल मी लिहिणार नाही. मग चालू झालं. सुया चौतीस दिल्या, चौतीस परत आल्या. वीस नऊ मोठ्याने म्हटलं, आणि प्रत्येक आकड्याला मान वळवून फळा बघितला. मान अजून दुखते आहे. छाती शिवताना डॉक्टरांनी मला खुणेने ठमीची नखं दाखवली. गुलाबी होती.

आज पाचवा दिवस. ठमीला पहिल्यांदा कॉरिडॉरमध्ये चालवायचं होतं. एका बाजूला आई, मागे मी आणि सिस्टर. ठमी निघाली, आधी भिंतीला धरून, मग भिंत सोडून. दहा-बारा पावलं झाली आणि आई नेहमीसारखी उकिडवी बसली. ठमी चालायला लागल्यापासून ती तेवढ्याच पावलांवर बसत आली होती, तिला वेगळं काही करायचं सुचलंच नसेल. बसून तिने शेजारी हात केला. शेजारी कुणी नव्हतं. ठमी पुढे गेली होती, खिडकी ओलांडून, पाण्याचं पिंप ओलांडून. वळून तिने आईला काहीतरी विचारलं. दुभाष्या नव्हता, पण मला ते कळलं. ती विचारत होती की तू का बसलीस.

आईला उठता येईना. आम्ही दोघींनी तिला दोन्हीकडून धरलं आणि तिघी तशाच रडत, हसत तिच्या मागे निघालो. ठमी किती पावलं चालली असं तुझी मुलं विचारतील. त्यांना सांग, मी मोजली नाहीत.

तुझी वन्सं